पाहुण्यांचे हात, मुक्कामाची माणसं

नवी दिल्ली स्थानकातून पहाडगंजच्या बाजूने बाहेर पडलं की समोर मेन बाजार. दिल्लीला कामानिमित्त येणाऱ्या मराठी माणसाला हा भाग परका नाही. बृहन्महाराष्ट्र भवन इथेच, नूतन मराठी शाळाही इथलीच. स्वस्त हॉटेलांमुळे पाठीवर सॅक घेऊन फिरणारे परदेशी प्रवासी इथे वर्षानुवर्षं उतरत आले आहेत. त्यांच्यात अधूनमधून एक वेगळा जथा दिसतो. सगळ्यांचे टी-शर्ट एकाच रंगाचे, त्यांवर आपल्या गावातल्या चर्चचं नाव, सोबत एखादं वयस्क जोडपं आणि दहापंधरा कॉलेजवयीन मुलंमुली. हे लोक जाताजाता ताजमहालही पाहतात, पण त्यासाठी आलेले नसतात. ते ‘मिशन ट्रिप’वर असतात. दहापंधरा दिवस एखाद्या बालगृहातल्या मुलांशी खेळायचं, रुग्णालयात रुग्णांची सेवा करायची, सकाळ-संध्याकाळ प्रार्थना करायची आणि परत जायचं.

या तरुणांबद्दल मला मनापासून आदर आहे. केक विकून, शेजाऱ्यांच्या गाड्या धुऊन, चर्चमधल्या वडीलधाऱ्यांकडून वर्गणी गोळा करून त्यांनी विमानाचं भाडं उभं केलेलं असतं. विसाव्या वर्षी सुट्टी मौजेत न घालवता अनोळखी माणसाच्या खाटेजवळ जाऊन बसावंसं वाटणं ही साधी गोष्ट नाही. पण ही सेवा कुणाच्या उपयोगी पडते आणि कुणाला महागात पडते, हे नीट पाहायला हवं. रुग्णालय आणि बालगृह ही दोन्ही कामं एकाच दमात ‘सेवा’ म्हणून सांगितली जातात, पण त्यांत फार मोठं अंतर आहे.

पंधरा दिवसांची मिशन ट्रिप हे विमानप्रवास आवाक्यात आल्यानंतरचं प्रकरण. त्याआधीचा मिशनरी बोटीने यायचा तो आयुष्य घेऊनच यायचा. दिल्लीतलंच उदाहरण घ्या. १८६०च्या दशकात प्रिसिला विंटर ही मिशनऱ्याची पत्नी यमुनेकाठी येणाऱ्या बायकांना औषधं देऊ लागली. पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरला नाडीसुद्धा धरू देत नव्हत्या, त्यामुळे आजार घरातच वाढायचे. १८८१ साली ती वारली आणि तिच्या कामातूनच १८८५ मध्ये चांदनी चौकात बायका-मुलांसाठी सेंट स्टीफन्स रुग्णालय उभं राहिलं. पुढे ते तीस हजारीला हललं आणि आजही तिथे चालू आहे. अ‍ॅलिस विल्किन्सन ही इंग्रज परिचारिका १९०८ मध्ये तिथे आली आणि राहिली. भारतातल्या परिचारिकांच्या देशव्यापी संघटनेची घडी बसवण्यात तिचा वाटा मोठा.

आपल्याकडे मिरज आहे. डॉ. विल्यम वानलेस हे कॅनडात जन्मलेले डॉक्टर १८८९ मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे आले, १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय उघडलं आणि १९२८ पर्यंत काम केलं. जवळजवळ चाळीस वर्षं. मिरज हे रेल्वेचं जंक्शन, त्यामुळे कर्नाटकातून, कोकणातून, मराठवाड्यातून रुग्ण यायचे. पण मिरजेचं आजचं ‘डॉक्टरांचं गाव’ हे रूप केवळ वानलेस यांच्या शस्त्रक्रियांनी घडलेलं नाही. त्यांनी इथल्या मुलांना वैद्यकीचं शिक्षण दिलं, परिचारिका तयार केल्या, आणि शिकून गेलेल्यांनी गावोगावी दवाखाने काढले. क्षयरुग्णांसाठी काढलेल्या आरोग्यधामाभोवतीची वस्ती आजही वानलेसवाडी म्हणून ओळखली जाते. धर्मप्रसार हा या सगळ्यामागचा उघड हेतू होता. त्यावर तेव्हाही वाद झाले, आजही होतात, आणि ते व्हायलाच हवेत. पण रुग्णाच्या बाजूने पाहिलं तर एक गोष्ट उरते. डॉक्टर रुग्णाची भाषा बोलत होता आणि टाके काढायच्या दिवशी तिथेच होता.

पंधरा दिवसांच्या पाहुण्याला हे शक्य नाही, आणि कायदाही त्याला तसं करू देत नाही. परदेशी डॉक्टरला इथे तात्पुरती नोंदणी घेतल्याशिवाय रुग्ण तपासता येत नाही. वैद्यकीच्या पहिल्या वर्षातल्या मुलीने, तिच्या देशात तिला जे करू देत नाहीत ते, म्हणजे सुई टोचणं, जखम शिवणं, इथे करू नये. गरिबाचं शरीर हे सरावाचं सामान नव्हे. मात्र रुग्णालयात हातांची गरज किती असते, हे ज्याने नातेवाइकासाठी वॉर्डात रात्र काढली आहे त्याला सांगायला नको. मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या मरणासन्नांसाठीच्या घरांत जगभरातून स्वयंसेवक येतात, आणि त्यांच्या वाट्याला प्रामुख्याने येतं ते चादरी धुणं, पिळणं, भांडी घासणं, जेवण भरवणं. यासाठी पदवी लागत नाही. एखाद्या म्हाताऱ्याला दहा दिवस कुणी परक्याने खिचडी भरवली आणि अकराव्या दिवशी दुसऱ्याने भरवली, तर त्याचं फारसं बिघडत नाही. प्रौढ रुग्णाला कळतं की हा पाहुणा आहे. तो नको म्हणू शकतो, तोंड फिरवू शकतो, निरोपही घेऊ शकतो.

मुलाचं तसं नसतं.

बालगृहाच्या दारात पाऊल टाकताच तीन-चार वर्षांचं मूल धावत येऊन मांडीवर चढतं, गळ्यात हात टाकतं, निघताना सोडत नाही. पाहुण्याचे डोळे भरून येतात. घरी परतल्यावर तो सगळ्यांना हाच प्रसंग सांगतो. या मिठीबद्दल बालमानसशास्त्र मात्र वेगळं सांगतं. ज्या मुलाला एक कायमचं माणूस मिळालेलं असतं, ते अनोळखी माणसाला पाहून आधी आईच्या पदराआड जातं. कुणाच्याही मांडीवर बेधडक चढणं हे संस्थेत वाढलेल्या मुलांमध्ये वारंवार आढळणारं लक्षण आहे. आपलं माणूस कोण, हेच त्या मुलाला ठरवता आलेलं नसतं. रुमानियात बुखारेस्ट शहरात २००० साली सुरू झालेल्या अभ्यासात अनाथगृहांतल्या १३६ लहान मुलांकडे वर्षानुवर्षं पाहिलं गेलं. त्यांतली काही मुलं पालक-कुटुंबांत ठेवली गेली. बौद्धिक वाढ आणि जिव्हाळा जोडण्याची क्षमता या दोन्हींत ती संस्थेत राहिलेल्या मुलांच्या पुढे गेली, आणि जी दोन वर्षांची होण्याआधी घरात गेली त्यांचा फायदा सर्वांत ठळक होता. लहान मुलाला खेळणी आणि गाणी हवीत, पण त्याहून आधी उद्याही दिसणारा तोच चेहरा हवा.

आता विचार करा. दर पंधरवड्याला नवा जथा येतो, खेळतो, जीव लावतो, रडत निरोप घेतो आणि जातो. त्या मुलाच्या आयुष्यात सोडून जाणाऱ्यांची रांगच लागते. आपण ज्याला प्रेम देणं म्हणतो ते मुलाच्या हिशेबी पुन्हा एकदा टाकलं जाणं असतं. हे लिहिताना वाईट वाटतं, कारण जाणाऱ्याचं प्रेम खोटं नसतं.

यात पैशाचाही भाग आहे. पाहुणे येतात म्हणून देणग्या येतात, देणग्या येतात म्हणून मुलं ‘लागतात’. नेपाळ, कंबोडियासारख्या देशांत आईबाप हयात असलेली मुलं अनाथ म्हणून दाखवून संस्था भरल्याची प्रकरणं पुढे आली. ऑस्ट्रेलियात आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या चर्चेतही हा प्रश्न ऐरणीवर आला. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही बालहक्कांवरच्या ठरावात अनाथगृहांतल्या स्वयंसेवेचे धोके नोंदवले. भारतात बाल न्याय कायदा २०१५नुसार मुलं ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेने नोंदणी करणं बंधनकारक आहे. सापडलेल्या मुलाला चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे उभं करावं लागतं. संस्थेतल्या मुलाची ओळख प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे मुलांच्या घोळक्यात काढलेली ती हसरी सेल्फी, जी चर्चच्या भिंतीवरच्या पडद्यावर झळकते, ती मुळात घ्यायचीच नसते.

पहाडगंजला हा विषय फार जवळचा आहे. घरातून पळालेली, हरवलेली, सोडून दिलेली मुलं देशभरातून गाड्यांनी नवी दिल्ली स्थानकात उतरतात. मीरा नायर यांच्या ‘सलाम बॉम्बे’ चित्रपटानंतर १९८८ मध्ये सुरू झालेला सलाम बालक ट्रस्ट याच स्थानकाच्या आसपास काम करत आला आहे. ही संस्था कुठल्याही धर्माची नाही, पण बाहेरच्यांनी मुलांसाठी काय करावं याचं एक चांगलं उत्तर तिच्याकडे आहे. एके काळी रस्त्यावर राहिलेले तरुण पाहुण्यांना पहाडगंजच्या गल्ल्यांतून फिरवतात आणि तिथलं जगणं समजावून सांगतात. इथे शिकवणारे ते, शिकणारे पाहुणे. तरुणांना इंग्रजीचा सराव होतो, संस्थेला पैसे मिळतात.

विकी रॉय हे छायाचित्रकार याच ट्रस्टमध्ये वाढले. पुरुलियाहून पळून आलेला हा मुलगा स्थानकावर रिकाम्या बाटल्या गोळा करायचा, ढाब्यावर भांडी घासायचा. ट्रस्टमध्ये एक ब्रिटिश छायाचित्रकार आला आणि त्याच्याबरोबर काम करताना विकीला कॅमेऱ्याची गोडी लागली. पाहुणा गेला. त्यानंतर दिल्लीचेच छायाचित्रकार अनय मान यांनी विकीला हाताखाली घेऊन काही वर्षं धंदा शिकवला. २००७ मध्ये रस्त्यावरच्या मुलांवरचं विकीचं पहिलं प्रदर्शन भरलं. पाहुण्याचं देणं मी कमी लेखत नाही. त्याने एक दार दाखवलं. पण त्या दारातून आत नेऊन बसवणारा माणूस दिल्लीत राहणारा होता.

थोड्या दिवसांची परदेशी मदत उत्तम कशी वापरावी, याचा माझ्या मते सर्वांत सुंदर दाखला आपल्या आनंदवनात आहे. १९५०च्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संघटनेचे निरनिराळ्या देशांतले तरुण स्वयंसेवक वरोऱ्याला आले. ही संघटना पिएर सेरेझोल या स्विस क्वेकर ख्रिस्ती माणसाने पहिल्या महायुद्धानंतर काढलेली, आणि तिचा भर प्रवचनावर नव्हता, श्रमावर होता. त्यांनी कुष्ठरुग्णांसाठी इमारती बांधल्या, विटा वाहिल्या. त्याहून मोठं काम त्यांच्या हातून जेवणाच्या पंगतीत झालं. तोवर कुष्ठरुग्णांनी पिकवलेली भाजी गावात कुणी घेत नव्हतं. गोरे परदेशी आनंदवनात राहतात, तिथलंच अन्न खातात आणि त्यांना काही होत नाही, हे वरोऱ्याच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलं, आणि हळूहळू भाजी विकली जाऊ लागली. ते गेल्यावरही इमारती राहिल्या, गिऱ्हाईक राहिलं. आज आनंदवनाच्याच सोमनाथ प्रकल्पातल्या श्रमसंस्कार छावणीत मे महिन्यात आपली मुलं जातात, तीही हातात कुदळ घेतात. आठवडाभरात घडतात ती मुख्यतः ही शिबिरार्थी मुलंच, आणि छावणीच्या नावातच ते कबूल केलेलं आहे.

न्यू जर्सी किंवा लंडनची मराठी कुटुंबं हल्ली आपल्या मुलांना उन्हाळ्यात भारतात ‘व्हॉलंटिअरिंग’ला पाठवतात. चर्चची असोत, मंडळाची असोत, प्रश्न तेच आहेत. संस्थेला आधी पत्र लिहून विचारावं की तुम्हाला कुठल्या कामाला माणूस कमी पडतं. उत्तर गोदाम लावणं, संगणकात नोंदी भरणं, भिंती रंगवणं, कर्मचाऱ्यांना इंग्रजी शिकवणं असं आलं, तर ती संस्था शहाणी आहे. ‘या, मुलांशी खेळा, फोटो काढा’ असं आलं तर तिकीट काढू नये. जो पैसा विमानावर जाणार आहे त्यातला काही भाग संस्थेतल्या मावशींच्या पगाराला गेला, तर एक कायमचा चेहरा मुलांपुढे टिकतो. व्हिसाचं आधी पाहावं: पर्यटक व्हिसावर जास्तीत जास्त एक महिना, कुठलाही मोबदला न घेता स्वयंसेवा करता येते, पण धर्मप्रचार करता येत नाही. त्यासाठी मिशनरी व्हिसा वेगळा असतो.

आणि पहाडगंजच्या बाजूने बाहेर पडताना फलाटाच्या टोकाला एकटं, बावरलेलं मूल दिसलं, तर त्याच्या हातावर पैसे ठेवून पुढे जाऊ नये, त्याला स्वतःबरोबर नेऊही नये. १०९८ हा क्रमांक फिरवावा. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली ही मोफत मदतवाहिनी आता सरकारी यंत्रणेमार्फत देशभर चालते. फोन लागेपर्यंत आणि कुणी येईपर्यंत मुलाजवळ थांबावं, रेल्वे पोलिसांच्या जवानाला सांगावं आणि मुलाचा फोटो कुठेही टाकू नये.