धसईचा धडा आणि आपले औषधालय

मुरबाड तालुक्यातील धसई हे भातशेतीचे गाव आणि भोवतालच्या पाड्यांची बाजारपेठ. नोटाबंदीनंतर अवघ्या तीन आठवड्यांनी, १ डिसेंबर २०१६ रोजी, महाराष्ट्रातील पहिले रोकडरहित गाव म्हणून धसईची घोषणा झाली. स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारक व बँक ऑफ बडोदा यांच्या पुढाकाराने तेथील दुकानांत कार्डयंत्रे आली.

आम्ही याच तालुक्यात व्यवसाय करतो. यंत्र आले, पुढे यूपीआयची चौकटही गल्ल्यापाशी लागली. सोय निर्विवाद मोठी आहे. रुपे डेबिट कार्ड व यूपीआयवर जानेवारी २०२० पासून दुकानदाराला व्यवहारशुल्क पडत नाही, हेही औषधविक्रेत्यांनी ध्यानी घ्यावे.

परंतु यंत्र म्हणजे केवळ मुख. वाहून नेणारे स्रोतस म्हणजे दूरसंचाराचे जाळे. चरकाचार्यांनी सांगितलेल्या स्रोतोदुष्टीच्या लक्षणांपैकी दोन आमच्या गल्ल्यावर नित्य दिसतात. पावसाळ्यात वीज गेली, मनोरा मुका झाला की ‘संग’. तो सोसवतो, औषध द्यावे, वहीत नोंद करावी. खरा घातक ‘विमार्गगमन’.

एका मधुमेही रुग्णाच्या खात्यातून ३२० रुपये वजा झाले. आमच्याकडे मात्र जमा झाले नाहीत. आमच्या मदतनिसाने पुन्हा पैसे मागितले. गृहस्थ काही न बोलता रोख देऊन गेले आणि दोन महिने फिरकले नाहीत. औषध खंडित झाले, साखर वाढली. मदतनिसाला दोष कसा द्यावा? नियम आम्हालाच ठाऊक नव्हता.

तो नियम असा. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, दुकानात कार्डाने वा यूपीआयने दिलेली रक्कम ग्राहकाच्या खात्यातून वजा होऊनही व्यवहाराची खात्री दुकानदारास मिळाली नाही, तर ती व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत जमा व्हावी लागते. त्यापुढील प्रत्येक दिवसाच्या विलंबास १०० रुपये भरपाई ग्राहकास मिळते. म्हणून व्यवहार क्रमांक त्याच क्षणी उतरवून घ्यावा, रुग्णाला नियम समजावून सांगावा आणि औषध हाती द्यावे. पैसे मागाहून.

आमच्या यंत्राशेजारी आता एक वही असते. ते गृहस्थ पुन्हा येऊ लागले आहेत. पैसे मात्र रोखच देतात.