सी-पॅप मुखवटा आणि दंतारोग्य : निद्राश्वासरोधावरील उपचाराची एक दुर्लक्षित बाजू

प्रस्तावना :

घोरणाऱ्या माणसाचा श्वास मध्येच थांबतो, काही क्षण खोलीत पूर्ण शांतता पसरते आणि मग गुदमरल्यासारखा मोठा आवाज होऊन श्वास पुन्हा सुरू होतो, हे दृश्य अनेक घरांच्या परिचयाचे आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ व टाळूचा मऊ भाग मागे सरकतो आणि श्वासमार्ग बंद होतो. या विकारास अवरोधी निद्राश्वासरोध किंवा रूढ भाषेत स्लीप ॲप्निया असे म्हणतात. श्वास थांबण्याचे वा लक्षणीयरीत्या उथळ होण्याचे, किमान दहा सेकंद टिकणारे प्रसंग तासाला ५ किंवा अधिक असल्यास विकार असल्याचे मानले जाते. ही संख्या ३० च्या पुढे गेल्यास तो तीव्र समजला जातो. मुंबईतील ३५ ते ६५ वयोगटातील ६५८ पुरुषांच्या पाहणीवर आधारित जो अभ्यास झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात ७.५ टक्के पुरुषांमध्ये दिवसाच्या पेंगेसह हा विकार आढळला. प्रश्न केवळ पाश्चात्त्य देशांचा नाही, हे यावरून स्पष्ट होते.

या विकारावरील प्रमुख उपचार म्हणजे सी-पॅप यंत्र. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे कॉलिन सलिव्हन यांनी तो विकसित केला आणि १९८१ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात पाच रुग्णांवरील अनुभव मांडला. नाकावाटे सतत थोडा अधिक दाबाची हवा सोडली की ती श्वासमार्गाला आतून आधार देते आणि तो मिटत नाही, हे त्यामागील सोपे तत्त्व. यंत्र, नळी व मुखवटा अशी ही योजना रोज रात्री, आणि बहुतेकांच्या बाबतीत वर्षानुवर्षे वापरावी लागते. फुप्फुसे, हृदय व रक्तदाब यांच्या संदर्भात तिचा भरपूर अभ्यास झाला आहे. मात्र ज्या चेहऱ्यावर हा मुखवटा बसतो, त्या चेहऱ्यातील दातांकडे लक्ष उशिरा व तुटपुंजे गेले. प्रस्तुत लेखात या बाजूचा विचार केला आहे.

कोरड्या तोंडाचा प्रश्न :

सी-पॅप वापरणाऱ्यांची सर्वांत सामान्य तक्रार म्हणजे सकाळी तोंड कोरडे पडणे. तिची कारणमीमांसा समजून घेण्यासारखी आहे. मुखवटा फक्त नाकावर असेल आणि झोपेत तोंड उघडले गेले, तर नाकातून आत ढकललेली हवा तोंडावाटे बाहेर पडू लागते. हा प्रवाह एकाच दिशेने, अखंड वाहतो. नेहमीच्या श्वसनात उच्छ्वासाची दमट हवा नाकाच्या अस्तराला ओलावा परत देते. येथे ती देवघेवच थांबते. अस्तर कोरडे पडून सुजते, नाक चोंदते आणि नाक चोंदल्याने तोंड अधिकच उघडे राहते. असे हे दुष्टचक्र आहे.

दातांच्या दृष्टीने याचे महत्त्व लाळेमुळे आहे. लाळ तोंडातील आम्ल निष्प्रभ करते आणि त्यातील कॅल्शियम व फॉस्फेट दाताच्या एनॅमलची रोजची झीज भरून काढतात. तोंडातील सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमल विरघळू लागते. हिरड्या खाली सरकून दाताचे मूळ उघडे पडले असेल, तर त्याचा पृष्ठभाग याहून सौम्य आम्लातही झिजतो. झोपेत लाळेचा स्राव मुळातच अत्यल्प असतो. जी थोडी लाळ असते तीही हवेच्या झोताने सुकली, तर आठ तासांचे संरक्षण जवळजवळ नाहीसे होते. मध्यमवयीन व वृद्ध रुग्णांत मुळांशी लागणारी कीड याच वाटेने वाढू शकते. त्यात नैराश्यावरील वा ॲलर्जीवरील काही औषधे लाळ कमी करणारी असतात. कोरडे तोंड सुसह्य व्हावे म्हणून रात्री खडीसाखर किंवा गोड गोळी चघळत झोपण्याची सवय तर दातांच्या दृष्टीने विशेष घातक ठरते.

येथे यंत्राला न्यायही द्यायला हवा. निद्राश्वासरोधाचे अनेक रुग्ण उपचारापूर्वीही तोंड उघडे ठेवूनच झोपत असतात, त्यामुळे कोरडेपणाचे सारे खापर सी-पॅपवर फोडणे योग्य नाही. हवा कोमट व दमट करणारे पात्र यंत्राला जोडले, की तोंडावाटे गळती होत असतानाही नाकाचा अडथळा बराच कमी होतो. विदर्भातील उन्हाळ्यात किंवा रात्रभर वातानुकूलित ठेवलेल्या खोलीत हे पात्र ऐच्छिक मानण्याचे कारण नाही. त्यात ऊर्ध्वपातित पाणी वापरावे, अन्यथा बोअरवेलच्या जड पाण्याचे क्षार पात्रात साचतात.

दाबाचा प्रश्न :

कोरडेपणा रुग्णाला जाणवतो. दाताचे सरकणे जाणवत नाही. म्हणूनच दुसऱ्या प्रश्नाचा अधिक बारकाईने विचार करणे आवश्यक ठरते.

दात हाडात खिळ्यासारखे ठोकलेले नसतात. दात आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो आणि दाबाला प्रतिसाद म्हणून भोवतीचे हाड एका बाजूने झिजते व दुसऱ्या बाजूने नव्याने तयार होते. विल्यम प्रॉफिट यांनी १९७८ मधील आपल्या लेखात दातांच्या स्थानाविषयीच्या संतुलन सिद्धान्ताची फेरमांडणी केली. तिचे सार असे, की चावताना पडणारा मोठा पण क्षणिक भार दाताची जागा बदलत नाही. ओठ, गाल व जीभ यांचा हलका पण दीर्घकाळ टिकणारा दाब मात्र ती ठरवतो. दंतव्यंगोपचाराच्या अनुभवानुसार दिवसाकाठी सुमारे सहा तास दाब राहिला की दात हलू लागतो, आणि एखादा दात कलण्यासाठी ३५ ते ६० ग्रॅम एवढाही भार पुरतो.

आता मुखवट्याचे गणित पाहू. यंत्राचा दाब सामान्यतः ४ ते २० सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका असतो. १० सेंटिमीटर दाब म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर १० ग्रॅम भार. मुखवट्याने वेढलेले क्षेत्र २५ चौरस सेंटिमीटर आहे असे धरल्यास, हवा त्याला चेहऱ्यापासून सुमारे २५० ग्रॅम भाराने दूर ढकलते. तेवढी ओढ तरी पट्ट्यांनी द्यावीच लागते. हवा गळू नये म्हणून रुग्ण प्रत्यक्षात त्या अधिकच आवळतो. हा भार कपाळ, नाकाचा कणा, गाल आणि वरचा ओठ यांत विभागला जातो, व ओठाचा मऊपणा तो आणखी पसरवतो. त्यामुळे तारांच्या भाराशी त्याची थेट तुलना करता येणार नाही. तरीही नाकाच्या मुखवट्याची खालची कड नेमकी वरच्या पटाशीच्या दातांसमोर टेकते आणि रात्रभर तेथेच राहते, ही बाब दुर्लक्षण्याजोगी नाही.

हिरोको त्सुदा व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये 'चेस्ट' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४६ जपानी रुग्णांच्या चेहऱ्याची क्ष-किरण चित्रे, नाकाचा मुखवटा वापरण्यापूर्वीची आणि किमान दोन वर्षांच्या वापरानंतरची, ताडून पाहिली. वरच्या जबड्याचा पुढचा भाग किंचित मागे गेला होता, वरचे पटाशीचे दात आतल्या बाजूस कलले होते आणि हनुवटीही थोडी मागे सरकली होती. बदल लहान होते. दोन वर्षांत वाढलेल्या वयाचा परिणाम त्यातून पूर्णपणे वेगळा काढता येत नाही. परंतु लक्षणीय गोष्ट अशी, की चेहरा वा दातांची ठेवण कायमची बदलल्याचे एकाही रुग्णाने सांगितले नव्हते.

यातून एक विसंगती पुढे येते. रात्री किमान चार तास, ७० टक्के रात्री यंत्र वापरले तर उपचाराचे पालन समाधानकारक मानण्याचा प्रघात आहे. दात हलण्यासाठी लागणारा काळ याहून थोडा अधिक आहे. म्हणजे अर्ध्या रात्री मुखवटा काढून फेकणारा रुग्ण दातांच्या बाबतीत तुलनेने सुरक्षित राहतो, तर आठही तास निष्ठेने तो लावणारा रुग्ण या दाबाला अधिक सामोरा जातो. ज्याची प्रकृती या उपचाराने सर्वाधिक सुधारते, त्याच्याच दातांवर सर्वाधिक लक्ष ठेवले पाहिजे.

वाढत्या वयातील मुले :

प्रौढांतील बदल मिलिमीटरच्या आसपास राहतात. मुलांचे तसे नाही. वरच्या जबड्याची पुढे होणारी वाढ रोखण्यासाठी दंतव्यंगोपचारतज्ज्ञ वाढत्या वयातील मुलांना डोक्यावरून पट्टे असलेले साधन मुद्दाम लावतात. मुखवटा तेच काम नकळत करू शकतो. बालपणापासून सी-पॅप वापरणाऱ्या मुलात चेहऱ्याचा मधला भाग खुरटल्याचे वर्णन २००० मध्ये कॅसी ली व सहकाऱ्यांनी केले. फ्रान्समधील ब्रिजित फोरू यांच्या गटाने २००५ मध्ये ४० मुलांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतील ६८ टक्के मुलांत चेहरा सपाट झाल्याचे दिसले. यांपैकी काही मुलांना मूळचेही आजार होते, हे ध्यानात ठेवावे लागते. तथापि दर काही महिन्यांनी मुखवट्याचा प्रकार बदलणे व चेहऱ्याची वाढ मोजत राहणे ही येथे सोय नसून गरज आहे.

पर्याय व व्यवहार :

दात बिघडतात म्हणून यंत्रच सोडून द्यावे, हा निष्कर्ष दोन कारणांनी चुकीचा ठरतो. निद्राश्वासरोधावर उपचार न झाल्यास दिवसाची पेंग आणि वाहन चालवताना डुलकी लागण्याचा धोका कायम राहतो, हे पहिले कारण. दुसरे असे, की पर्याय म्हणून दिले जाणारे, खालचा जबडा पुढे धरून ठेवणारे तोंडातील साधन दातांना याहून अधिक हलवते. कॅनडातील ७७ रुग्णांच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सरासरी अकरा वर्षांच्या वापरानंतर वरच्या दातांचे खालच्या दातांपुढे असणारे अंतर सुमारे १.९ मिलिमीटरने, तर त्यांवरील उभे आच्छादन २.३ मिलिमीटरने घटले होते. दातांसाठी मुखवटा टाकून हे साधन घेणारा रुग्ण आगीतून फुफाट्यात पडतो.

उपाय त्यामानाने साधे आहेत. नाकपुड्यांत बसणाऱ्या लहान उशांचा मुखवटा वरच्या ओठावर टेकत नाही. नाक व तोंड दोन्ही झाकणारा मुखवटा गळती रोखतो, पण त्याचा खालचा पट्टा हनुवटीला मागे ओढतो आणि श्वासमार्ग उघडा ठेवण्यासाठी बरेचदा अधिक दाब लागतो. म्हणून तो पहिला पर्याय नसावा. पट्टे आवळण्याऐवजी योग्य मापाचा मुखवटा निवडावा, गादी झिजली की बदलावी. यंत्र सुरू करण्यापूर्वी दातांचा साचा किंवा छायाचित्रे घेऊन ठेवली, तर दोन वर्षांनी तुलनेला आधार मिळतो. ही नोंद सहसा कोणीच घेत नाही, कारण झोपेच्या तपासणीत दातांचा विषय निघत नाही आणि दंतवैद्याकडे झोपेचा. वरच्या दाढांची मुळे गालाच्या हाडातील पोकळीला लागून असतात. तेथील दाह किंवा चोंदलेपणा दाढदुखी म्हणून जाणवू शकतो आणि यंत्राचा उल्लेख झाला नाही, तर निरोगी दाढेवर नाहक उपचार होण्याची शक्यता राहते.

कवळी वापरणाऱ्या वृद्धांची स्थिती याहून वेगळी आहे. कवळी रात्री काढून पाण्यात ठेवावी, असे दंतवैद्य हिरड्यांच्या आरोग्यासाठी सांगतात, आणि घरोघरी ते पाळलेही जाते. परंतु कवळी काढली की ओठ व गाल आत बसतात आणि मुखवटा नीट टेकत नाही. शिवाय दात नसलेल्या रुग्णांत कवळीविना झोपल्यास श्वास अडण्याचे प्रसंग वाढत असल्याचे इटलीतील कातेरीना बुक्का व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवून दिले आहे. कवळी ठेवावी की काढावी, हे अशा वेळी दंतवैद्य व निद्रातज्ज्ञ यांनी मिळून ठरवावे लागते. जे ठरेल त्याच स्थितीत, म्हणजे कवळीसह वा कवळीविना, मुखवट्याचे माप व यंत्राचा दाब निश्चित केला पाहिजे. दिवसा दवाखान्यात कवळी लावून माप द्यायचे आणि रात्री ती वाटीत ठेवून मुखवटा चढवायचा, असे झाल्यास हवा गळते, पट्टे अधिक आवळले जातात आणि दाब नेमका उघड्या हिरडीवर येतो.