भिंतीआडचा समुद्र

बेळगाव-निपाणीच्या मुलुखाचे समुद्राशी असलेले नाते मोठे चमत्कारिक आहे. सह्याद्रीचा माथा ओलांडून घाट उतरला की अरबी समुद्र. परंतु या भागातील पाणी त्याच्याकडे पाठ फिरवून वाहते. निपाणीजवळची वेदगंगा दूधगंगेला मिळते आणि दूधगंगा कृष्णेला; बेळगावची मार्कंडेय घटप्रभेत जाते आणि घटप्रभा पुन्हा कृष्णेतच. कृष्णा हे सारे पाणी बंगालच्या उपसागराच्या स्वाधीन करते. खानापूरच्या रानात उगम पावणारी म्हादई तेवढी पश्चिमेची वाट धरते. माणसांनी मात्र पश्चिमेचा समुद्र कधी सोडला नाही. बेळगावचा माल घाट उतरून वेंगुर्ल्याच्या बंदराकडे जाई. देवगडहून फोंडा घाट चढून येणारा रस्ता आजही देवगड-निपाणी याच नावाने ओळखला जातो. आणि बाजाराच्या दिवशी सुक्या बांगड्यांचा वास घाटावरच्या पेठेलाही समुद्राची आठवण करून देतो.

अलीकडे या भागातील काही घरांना समुद्र पाहण्याची आणखी एक वाट सापडली आहे. ती आखातातून जाते. नोकरीनिमित्त अबुधाबी-दुबईकडे स्थायिक झालेल्या मुलाकडे किंवा लेक-जावयाकडे आईवडील महिना-दीड महिना राहावयास जातात, आणि त्या मुक्कामातील एक दिवस यास बेटावरील 'सी वर्ल्ड' या सागरी उद्यानासाठी राखून ठेवला जातो. २३ मे २०२३ रोजी हे उद्यान लोकांसाठी खुले झाले. बाहेर वाळवंटातील ऊन, पारा चाळीस अंशांच्या पुढे. आत छपराखाली एकामागून एक समुद्र मांडलेले. एका दालनात उष्ण कटिबंधातील पाणी, दुसऱ्यात खडकाळ किनारा आणि त्यावर लोळणारे जलसिंह, तिसऱ्यात ध्रुव प्रदेशातील थंडी आणि पेंग्विनांचे थवे. शिवाय 'एंडलेस ओशन' नावाचे महाकाय मत्स्यालय आहे. त्यात अडीच कोटी लिटरांहून अधिक पाणी आणि सुमारे ६८,००० जीव आहेत, असे चालक सांगतात. सकाळी दहाला आत गेलेले कुटुंब सायंकाळी बाहेर पडते तेव्हा मुले पाळण्यांच्या आणि झुकगाड्यांच्या गोष्टी सांगत असतात. वडीलधाऱ्यांच्या मनात मात्र एक साधा प्रश्न घोळत असतो: एवढा समुद्र भिंतीआड जिवंत राहतो तरी कसा?

त्या प्रश्नाचे उत्तर उद्यानातील कोणत्याही खेळापेक्षा अधिक रंजक आहे.

पहिली गोष्ट पाण्याची. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सरासरी पस्तीस ग्रॅम क्षार असतात. म्हणजे दहा लिटरच्या कळशीत सुमारे साडेतीनशे ग्रॅम. ते केवळ स्वयंपाकातले मीठ नव्हे. त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम यांचेही क्षार ठरावीक प्रमाणात असतात. किनाऱ्यावरची मत्स्यालये समुद्राचेच पाणी गाळून, निर्जंतुक करून घेतात. समुद्रापासून दूर असलेल्यांना गोड्या पाण्यात हे मिश्रण कालवावे लागते. अडीच कोटी लिटरांचा हिशेब केला तर सुमारे पावणेनऊशे टन क्षार होतात.

परंतु खारे पाणी मिळाले म्हणजे समुद्र मिळाला असे नव्हे. मासा खातो आणि अमोनिया बाहेर टाकतो. खऱ्या समुद्रात तो कोठल्या कोठे विरून जातो. बंद टाकीत तोच अमोनिया माशाचे विष होतो. म्हणून प्रेक्षकांच्या नजरेआड, बहुधा तळघरात, वाळूची आणि सच्छिद्र पदार्थांची भली मोठी गाळणयंत्रे अहोरात्र चालू असतात. त्यांच्या कणाकणावर जिवाणूंची वसाहत असते. एका जातीचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्याचे तुलनेने निरुपद्रवी असे नायट्रेट. प्रेक्षक ज्याला शार्कचा तलाव समजतो, तो वस्तुतः या डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूंच्या जोरावर चाललेला संसार आहे. पंप काही तास बंद पडले आणि पर्यायी व्यवस्था नसली, तर त्या साऱ्या वैभवाचा ग्रंथ आटोपलाच.

दुसरी गोष्ट भिंतीची. जिला सारे काच म्हणतात ती काच नसून ॲक्रिलिक असते. पाण्याची खोली एका मीटरने वाढली की प्रत्येक चौरस मीटरवरचा भार एका टनाने वाढतो. आठ मीटर खोलीवर तो आठ टन होतो. जाड काच वजनाने भारी आणि हिरवट दिसते. ॲक्रिलिक हलके, स्वच्छ, आणि त्याचे तुकडे जागेवरच असे जोडता येतात की सांधा दिसत नाही. दुबईच्या मॉलमध्ये २००८ साली बसवलेली अशी भिंत पाऊण मीटर जाड आहे. माशांच्या मधून चालत जाण्याचा वाकवलेला पारदर्शक बोगदा ही कल्पना न्यूझीलंडच्या केली टार्लटन या पाणबुड्याने १९८५ साली ऑकलंड शहरात प्रत्यक्षात आणली. आणि मौज अशी की, त्यासाठी त्याने निवडलेल्या टाक्या पूर्वी शहराचे सांडपाणी साठवण्याच्या होत्या. उद्घाटनानंतर काही आठवड्यांतच तो निवर्तला. बोगदा मात्र जगभर पसरला. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयातही २०१५ साली तो आला. ते मत्स्यालय १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाले होते, आणि घाटावरून मुंबई पाहावयास गेलेल्या कित्येकांनी जिवंत समुद्री मासा पहिल्यांदा पाहिला तो तेथेच.

मासे, प्रवाळ, कासवे यांच्यापुरते पाहिले तर यंत्रविद्येने ही बाजी पुष्कळशी जिंकली आहे. अडचण उत्पन्न होते ती डॉल्फिनपाशी.

डॉल्फिन हा मासा नव्हे. तो फुप्फुसांनी श्वास घेणारा, पिलांना दूध पाजणारा, कळपाने राहणारा प्राणी आहे. तो आवाजाचे स्पंद सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून परिसर ओळखतो. अशा प्राण्याला चार भिंतींच्या तलावात ठेवणे म्हणजे काय, याची जाणीव या उद्यानांच्या माहेरघरी, अमेरिकेतच, अतिशय कटू रीतीने झाली. फ्लोरिडात १९३८ साली 'मरीन स्टुडिओज' सुरू झाले आणि डॉल्फिनचे खेळ लोकप्रिय झाले. १९६४ साली सॅन दिएगो येथे पहिले 'सी वर्ल्ड' निघाले, आणि त्यापाठोपाठ ओर्का, म्हणजे डॉल्फिन कुळातील सर्वांत मोठा प्राणी, हे त्याचे मुख्य आकर्षण बनले. त्यांपैकी टिलिकम नावाचा नर १९८३ साली आइसलँडजवळच्या समुद्रात अगदी लहान वयात पकडला गेला होता. २४ फेब्रुवारी २०१० रोजी ऑरलँडो येथे त्याने आपल्या प्रशिक्षिकेचा जीव घेतला. २०१३ साली त्यावर 'ब्लॅकफिश' हा माहितीपट निघाला, लोकमत खवळले, आणि मार्च २०१६ मध्ये कंपनीने ओर्कांची पैदास थांबवत असल्याचे जाहीर केले. अबुधाबीच्या नव्या उद्यानात ओर्का नाहीत, ते यामुळेच. डॉल्फिन मात्र आहेत. त्यांची उत्तम देखभाल होत असेल. तरी त्यांच्या उड्यांवर टाळ्या पिटताना हा इतिहास ठाऊक असलेला बरा.

भारताने या बाबतीत वेगळा निर्णय घेतला आहे. १९९८ साली चेन्नईजवळच्या एका उद्यानासाठी बल्गेरियातून डॉल्फिन आणले गेले. ते सहा महिन्यांच्या आत मरण पावले. पुढे निरनिराळ्या राज्यांतून अशी डॉल्फिनगृहे काढण्याचे बेत होऊ लागले, तेव्हा १७ मे २०१३ रोजी केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने राज्यांना कळवले की, डॉल्फिनगृहांना परवानगी देऊ नये. त्या परिपत्रकात एक विलक्षण विचार नमूद होता. डॉल्फिनची बुद्धी पाहता त्यांना मनुष्येतर व्यक्ती मानून त्यांचे हक्क मान्य करावेत, असे काही शास्त्रज्ञांचे मत असल्याचा तो उल्लेख होय. सरकारी कागदात असे वाक्य क्वचितच सापडेल.

ही हकीकत सीमाभागाला वाटते तितकी दूरची नाही. घाटाखाली मालवण तालुक्यात तोंडवळी-वायंगणी येथे 'सी वर्ल्ड' उभारण्याची महाराष्ट्राच्या पर्यटन खात्याची योजना होती. त्यासाठी हजाराहून अधिक एकर जमीन लागेल असे प्रथम सांगण्यात आले. रोजगार येईल म्हणून काहींनी तिचे स्वागत केले. पण आंबा-काजूच्या बागा आणि राहती घरे जातील या भीतीने गावकऱ्यांनी विरोध केला. क्षेत्र कमी करण्याच्या गोष्टी झाल्या, वर्षे गेली, आणि प्रकल्प उभा राहिला नाही. रोजगाराचा प्रश्न त्यामुळे सुटला असे कोणी म्हणणार नाही. कोकणातला तरुण मुंबईची गाडी धरतोच. तरीही ज्या किनाऱ्यासमोर जिवंत समुद्र आहे, तेथेच जमीन घेऊन समुद्राची प्रतिकृती बांधावी, हा विचार तोंडवळीकरांना पटला नाही यात नवल नाही.

त्या किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर सिंधुदुर्ग किल्ला आहे. त्याच्या भोवतीचा २९ चौरस किलोमीटरांचा सागरी टापू १९८७ साली अभयारण्य म्हणून घोषित झाला. किल्ल्यालगतच्या खडकांवर प्रवाळ आहे, आणि श्वासनळी लावून किंवा पाठीवर हवेची टाकी घेऊन माणसाला ते पाहता येते. येथील पाणी जाहिरातीतल्याइतके निळे नसते. तळाचा गाळ ढवळला तर हातभर अंतरावरचेही धूसर दिसते. हिवाळ्यातल्या शांत दिवशी मात्र दृष्टी बरीच लांब पोहोचते. देवबाग-तारकर्लीहून सकाळी निघणाऱ्या होड्यांतून डॉल्फिनची पाठ क्षणभर वर आलेली दिसते, कधी दिसतही नाही. होडीवाल्याने इंजिन बंद करून दूर थांबावे आणि कळपाचा पाठलाग करू नये, एवढे प्रवाशांनी त्याला आधीच सांगितलेले चांगले.

मुंबईहून अबुधाबीला विमान साधारण तीन तासांत पोहोचते. निपाणीहून घाट उतरून मालवणला जाण्यास याहून फार अधिक वेळ लागत नाही. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्याने होड्या बंद असतात. सहल ठरवावयाची ती दिवाळीनंतर, आणि मालवणात मुक्काम करून. कारण वारा उठण्यापूर्वीच्या सकाळच्या वेळी पाणी सर्वांत शांत असते.