विश्लेषण : बीएस्सी करताना करिअरचे ध्येय बदलले तर? कोणते दरवाजे उघडे राहतात, कोणते बंद होतात?

‘नीट’मध्ये गुण कमी पडले म्हणून बीएस्सीला प्रवेश, पहिल्या वर्षी पुन्हा ‘नीट’ची तयारी, दुसऱ्या वर्षी संशोधनाची गोडी आणि तिसऱ्या वर्षी प्रश्न : डेटा सायन्स की एमपीएससी? विज्ञान शाखेतील अनेकांचा प्रवास असाच होतो. घरी मात्र ‘एकदाचे काय ते ठरव’ असे ऐकावे लागते. ध्येय बदलणे खरेच इतके महागात पडते का?

मुख्य विषय बदलता येतो का?

होय. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा आराखडा जाहीर केला. त्यानुसार दुसऱ्या सत्राच्या अखेरीस त्याच व्यापक विद्याशाखेत मुख्य विषय बदलण्याची मुभा आहे. मात्र महाविद्यालयात तो विषय आणि जागा उपलब्ध असायला हवी. विद्यापीठाचे नियमही आधी तपासावेत.

गणित सोडले तर काय होते?

खरी अडचण इथे येते. ‘नीट’वर लक्ष केंद्रित करणारे अनेक जण अकरावीलाच गणित सोडतात. पुढे संगणकाकडे वळावेसे वाटले, तर एमसीएसाठी बीसीए किंवा संगणकशास्त्राची पदवी चालते. इतर पदवीधरांकडून अनेक संस्था बारावीला किंवा पदवीला गणित असण्याची अपेक्षा ठेवतात. आयआयटी आणि आयआयएस्सीतील एमएस्सीसाठी ‘जॅम’ ही परीक्षा सात विषयांत होते. ती देता आली तरी प्रवेशासाठी प्रत्येक संस्थेची विषयांची अट वेगळी असते. त्यामुळे चांगले गुण मिळूनही प्रवेश अडू शकतो. म्हणूनच पहिल्या वर्षी गौण विषय म्हणून गणित किंवा संख्याशास्त्र मिळत असेल, तर ते सोडताना दोनदा विचार करावा.

शिक्षण मध्येच थांबवले तर?

पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते. त्यासाठी उन्हाळी सुट्टीत चार श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. परतायचे असल्यास तीन वर्षांच्या आत प्रवेश घेऊन एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करावी लागते. मिळवलेले श्रेयांक ‘ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये जमा राहतात.

पदवी तीन वर्षांची की चार?

हे ध्येयावर अवलंबून आहे. तीन वर्षांसाठी किमान १२०, तर चार वर्षांसाठी १६० श्रेयांक लागतात. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण असतील, तर चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येते. चार वर्षांच्या पदवीत एकूण ७५ टक्के असल्यास एमएस्सी न करताही पीएचडी प्रवेशासाठी पात्र ठरता येते. नागरी सेवा किंवा राज्यसेवेकडे वळायचे असेल, तर तीन वर्षांची पदवी पुरते आणि शाखेची अट नसते. भारतीय वन सेवेसाठी मात्र वनस्पतीशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र यांसारख्या ठरावीक विषयांपैकी एक पदवीला असावा लागतो. तिथे बीएस्सी उपयोगी पडते.

मग निर्णय कधी घ्यावा?

अंतिम ध्येय पहिल्याच वर्षी ठरले पाहिजे असे नाही. पण दुसरे सत्र संपण्याआधी मनात असलेल्या दोन-तीन पर्यायांच्या पात्रतेच्या अटी एका कागदावर लिहून काढाव्यात. त्या सर्वांत लागणारा विषय हातचा सोडू नये. ध्येय नंतरही बदलता येते. राहून गेलेला विषय भरून काढायला मात्र अनेकदा आणखी वर्षे द्यावी लागतात.