कवच कोणी फोडावे?

रवणीत ठेवलेल्या अंड्यांचा २१ वा दिवस उजाडला, की घरातील मुलांचे पाय पुन्हा पुन्हा खुडूक कोंबडीच्या टोपलीकडे वळू लागतात. एखाद्या अंड्याच्या कवचाला बारीकसे छिद्र पडलेले दिसते. कान देऊन ऐकले, तर आतून क्षीण चिवचिव ऐकू येते. सकाळी पडलेले ते छिद्र दुपारी तेवढेच असते, सायंकाळीही तेवढेच. आत कोंडलेला जीव गुदमरत असेल, या कल्पनेने मन कळवळते आणि हात नकळत कवचाकडे जातो. नेमक्या याच वेळी तो आवरावा लागतो.

बाहेरून निश्चल दिसणाऱ्या त्या अंड्यात मोठीच धांदल चाललेली असते. अंड्याच्या रुंद टोकाशी हवेची एक लहानशी पोकळी असते. पिल्लू प्रथम आपली चोच त्या पोकळीत घुसवते व तेथे आयुष्यातील पहिला श्वास घेते. तोपर्यंत त्याला प्राणवायू मिळत असतो, तो कवचाला आतून लागून असलेल्या पातळ आवरणातील रक्तवाहिन्यांतून. पोकळीतील हवा अपुरी पडू लागली, म्हणजे ते चोचीच्या शेंड्यावरील कठीण टोकाने कवचाला छिद्र पाडते. (हे टोक केवळ याच कामाचे, जन्मानंतर थोड्याच दिवसांत ते गळून पडते.) मग पिल्लू विसावते. हा विसावा १२ तासांचा, कधी २४ तासांचाही असतो. या अवधीत आवरणातील रक्त हळूहळू पिल्लाच्या शरीरात परत येते आणि उरलेला पिवळा बलक नाभीवाटे पोटात ओढला जातो. घाईने कवच सोलणारा माणूस या भरलेल्या रक्तवाहिन्याच फाडतो. पिल्लू रक्तस्रावाने दगावते, किंवा बलक बाहेर राहून नाभी मिटत नाही. मारावे असे तर कोणाच्याच मनात नसते!

मग साहाय्य कधीच करू नये काय? तसेही नाही. छिद्र पडून २४ तास उलटले तरी काहीच प्रगती दिसत नाही, किंवा कवच गोलाकार कापता कापता पिल्लू मध्येच थांबते आणि छिद्राभोवतीचा पापुद्रा वाळून पिवळट, ताठ होतो. असा पापुद्रा अंगाला चिकटला, की पिल्लाला हलताच येत नाही. उबवणी यंत्राचे झाकण वारंवार उघडले असता आतील ओलावा निघून जातो व हे संकट ओढवते. पाहण्याचा मोहच पिल्लाला जखडून टाकतो. अशा वेळी जाणता माणूस हात स्वच्छ धुऊन कोमट पाण्यात भिजवलेल्या बोळ्याने पापुद्रा ओलावतो, नाकपुड्यांत पाणी जाऊ देत नाही, आणि छिद्राच्या कडेचे कवच कणाकणाने काढतो. पापुद्र्यावर लाल रेषा दिसली, किंवा रक्ताचा एक थेंब आला, की तो तत्काळ थांबतो आणि अंडे पुन्हा उबेत ठेवतो. रेषा नसल्या तरी तो माथ्यावरचे कवच तेवढे सैल करतो. उरलेले तो पिल्लालाच ढकलू देतो, कारण बलक पुरता आत गेला की नाही, हे त्याला बाहेरून दिसत नाही.

कोंबडी स्वतः सहसा या कामी चोच लावीत नाही. ती अंगाची ऊब देते आणि आतील चिवचिवीला हलक्या आवाजात उत्तर देत राहते. दुसऱ्या दिवशी पहाटे टोपलीत कवचाचे दोन तुकडे पडलेले असतात, आणि त्यांच्याजवळ ओल्या पिसांचे एक केविलवाणे पिल्लू मान टाकून धापा टाकीत असते. त्याला दाणा भरवण्याचीही घाई नको. पोटातील बलक त्याला दोन दिवस पुरतो.