हत्तीचे पाऊल आणि हत्ती

पाली तिपिटकात वन्य प्राण्यांचे उल्लेख विपुल आहेत. सिंह, हरीण, वानर, कासव, मोर असे अनेक प्राणी सुत्तांतून आणि जातकांतून भेटतात. परंतु हत्तीइतक्या बारकाव्याने वर्णिलेला दुसरा प्राणी क्वचितच आढळेल. सामान्यतः वाचक अशा उल्लेखांकडे केवळ दृष्टांत म्हणून पाहतो. दृष्टांताचे तात्पर्य हाती आले की त्यातील प्राणी मागे पडतो. वास्तविक दृष्टांत श्रोत्याच्या मनाला पटायचा असेल, तर तो प्राणी वक्त्याला आणि श्रोत्याला दोघांनाही नीट ठाऊक असावा लागतो. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही एका प्रसिद्ध सुत्तातील तात्पर्य क्षणभर बाजूस ठेवून त्यातील हत्तीचाच माग काढणार आहोत.

हे सुत्त म्हणजे मज्झिमनिकायातील २७ वे, चूळहत्थिपदोपम सुत्त. थेर महिंद सिंहलद्वीपात गेले तेव्हा राजा देवानंपिय तिस्साला त्यांनी प्रथम हेच सुत्त सांगितले, असे महावंसात नमूद आहे. प्रसंग श्रावस्तीचा आहे. पांढऱ्या घोड्या जुंपलेल्या रथातून जाणुस्सोणि नावाचा ब्राह्मण भर दुपारी नगराबाहेर निघालेला असतो. वाटेत त्याला पिलोतिक हा परिव्राजक भेटतो. पिलोतिक श्रमण गौतमाची मुक्तकंठाने स्तुती करतो आणि कारण विचारल्यावर सांगतो की, अरण्यात मोठे पाऊल दिसल्यावर हत्ती पकडणारा जसा मोठ्या हत्तीचा निश्चय करतो, तसा आपण श्रमण गौतमाची चार पावले पाहून निश्चय केला आहे. पंडित क्षत्रिय, ब्राह्मण, गृहपती आणि श्रमण वादासाठी जातात आणि शिष्य होऊन परततात, हीच ती चार पावले. जाणुस्सोणि भारावून रथातून उतरतो आणि नंतर हा सर्व संवाद तथागतांना निवेदन करतो. एवढी स्तुती ऐकूनही तथागत काय म्हणतात, तर ही उपमा अपुरी आहे, ती पूर्ण कशी होते ते ऐक.

आणि मग ते हत्तीविषयी बोलू लागतात. अरण्याचा जाणता, ज्याला पालीत ‘नागवनिक’ म्हटले आहे, तो लांबरुंद पाऊल पाहून निश्चय करीत नाही. कारण ‘वामनिका’ नावाच्या ठेंगण्या हत्तिणी असतात आणि त्यांची पावलेही मोठी असतात. तो माग काढीत पुढे जातो. पावलांबरोबर त्याला झाडावर उंच जागी अंग घासल्याच्या खुणा दिसतात. तरीही तो थांबतो. कारण ‘काळारिका’ नावाच्या उंच, मोठ्या पावलांच्या हत्तिणी असतात. पुढे उंचावर दातांनी ओरखडल्याच्या खुणा दिसतात. तेथेही तो थांबतो; कारण ‘कणेरुका’ नावाच्या हत्तिणी असतात. त्यापुढे उंचावरील मोडलेल्या फांद्या दिसतात. शेवटी झाडाखाली किंवा मोकळ्या जागी चालणारा, उभा, बसलेला किंवा निजलेला तो हत्ती प्रत्यक्ष दिसतो, आणि तेव्हाच तो म्हणतो की हाच तो मोठा हत्ती.

ठेंगण्या पण मोठ्या पावलांच्या हत्तिणी ही कल्पनेतील जात असावी, असे आधुनिक वाचकाला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु २०१३ साली श्रीलंकेतील उडवलवे राष्ट्रीय उद्यानात अभ्यासकांना एक पूर्ण वाढलेला रानहत्ती आढळला. त्याचे डोके आणि धड सामान्य नराएवढे होते, पाय मात्र अतिशय आखूड होते. विशेष म्हणजे हा ठेंगू नर आपल्याहून पुष्कळ उंच अशा दुसऱ्या नराशी झुंजताना दिसला. एका नराच्या नोंदीवरून सुत्तातील वामनिका सिद्ध झाली असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणे या सुत्ताच्याच शिकवणीविरुद्ध होईल. परंतु हत्तीमध्ये असे शरीर संभवते, एवढे निश्चित.

आता पावलाकडे वळू. हत्ती सपाट तळव्यावर चालतो असे वरवर दिसते. प्रत्यक्षात त्याची हाडे चवड्यावर उभ्या असलेल्या माणसासारखी तिरपी असतात आणि टाचेखाली चरबीची व तंतूंची जाड गादी असते. २०११ साली जॉन हचिन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की या गादीत बोटासारखा एक अतिरिक्त हाडाचा टेकूही असतो आणि तो भार पेलण्यास मदत करतो. पायावर भार पडला की गादी पसरते, पाय उचलला की आवळते. त्यामुळे चिखलातून पाय सहज निघतो आणि एवढा अवजड प्राणी रानातून आवाज न करता जाऊ शकतो. पुढचे पाऊल जवळजवळ वर्तुळाकार, मागचे लांबट. चालताना मागचा पाय बहुधा पुढच्या पायाच्या ठशावरच पडतो. म्हणून चार पायांचा प्राणी जाऊनही पुष्कळदा दोनच पायांचा माग राहतो.

हत्तीची उंची पावलावरून काढण्याचा एक जुना आडाखा माहूत आणि अभ्यासक दोघेही वापरतात. पुढच्या पावलाचा घेर मोजावा आणि त्याची दुप्पट करावी, म्हणजे खांद्यापर्यंतची उंची साधारणपणे मिळते. आडाखा आश्चर्य वाटावे इतका बरोबर येतो. तथापि त्यातून उंची मिळते, नर की मादी ते कळत नाही. पूर्ण वाढलेली हत्तीण आणि ऐन वाढीतला नर यांची पावले सारखी असू शकतात. आणि ठेंगण्या हत्तीच्या बाबतीत हा आडाखाच फसेल. तथागतांनी पहिला इशारा नेमका येथेच दिला आहे.

दातांच्या खुणेचीही तीच कथा. आशियाई हत्तीत लांब सुळे फक्त नरालाच येतात असा समज आहे आणि तो स्थूलमानाने खराही आहे. परंतु अनेक हत्तिणींना आखूड सुळे असतात आणि त्यांनी त्या झाडाची साल खरवडू शकतात. उलट, काही नरांना सुळे येतच नाहीत. अशा नराला आपल्याकडे मखना म्हणतात. श्रीलंकेत तर सुळे असलेले नर फार थोडे आहेत. टीकाकारांनी काळारिका व कणेरुका या नावांचा संबंध दातांच्या ठेवणीशी जोडला आहे. मादीच्या दातांत असे भेद ज्यांनी नोंदले, त्यांनी अरण्यात बराच काळ घालवला असला पाहिजे.

फांद्यांच्या खुणेवरून आम्हांला उदानातील एक सुत्त आठवते. कोसंबी येथे गर्दीला कंटाळून तथागत पारिलेय्यक येथील रक्खितवनात एकटे राहावयास गेले. त्याच वेळी एक मोठा हत्तीही आपल्या कळपाला कंटाळून तेथे आला. त्याचे गाऱ्हाणे मोठे वास्तव आहे. पिल्ले पुढे जाऊन गवताचे शेंडे खाऊन टाकतात, त्याने मोडलेल्या फांद्या इतर हत्ती खातात, त्याला गढूळ पाणी प्यावे लागते, आणि पाण्यातून वर आला की हत्तिणी अंगाला घासून जातात. हत्तीला दिवसाकाठी सुमारे दीडशे किलो चारा आणि शंभराहून अधिक लिटर पाणी लागते. त्याचे पोट खाल्लेल्यापैकी निम्मेही नीट पचवू शकत नाही. म्हणून दिवसातील बहुतेक वेळ खाण्यातच जातो. अशा प्राण्याच्या कळपात शेवटी पोहोचणाऱ्याच्या वाट्याला काय उरते, हे या सुत्तकाराने अचूक टिपले आहे.

एका बाबतीत मात्र प्राचीन वाङ्मय आणि आधुनिक निरीक्षण यांचे जुळत नाही. छद्दन्त जातकात, जे अजिंठ्याच्या १० व्या आणि १७ व्या लेण्यांत चितारलेले आहे, कळपाचा अधिपती नर आहे. निरीक्षण असे सांगते की कळप हा माता, मुली, बहिणी आणि पिल्ले यांचा असतो. नर वयात येताना कळप सोडतो आणि पुढे एकटा किंवा इतर नरांसोबत राहतो. केनियातील अंबोसेली येथे सिंथिया मॉस यांनी १९७२ पासून केलेल्या अभ्यासातून वृद्ध हत्तिणीच्या नेतृत्वाचे चित्र स्पष्ट झाले. टांझानियातील तारांगिरे येथे १९९३ च्या दुष्काळात जे कळप उद्यान सोडून पाण्याच्या शोधात बाहेर गेले, त्यांची पिल्ले अधिक वाचली. जुना दुष्काळ पाहिलेल्या वयस्क हत्तिणींची आठवण तेथे उपयोगी पडली असावी, असे अभ्यासक मानतात.

पण हे आफ्रिकेतील हत्ती. त्यांच्यावरून आपल्या हत्तींचा निश्चय करणे म्हणजे पुन्हा पाऊल पाहून हत्ती ठरवणेच होय. उडवलवे येथील निरीक्षणांत आशियाई हत्तिणींचे समूह अधिक सैल आढळले. त्या वरचेवर एकत्र येतात, पांगतात, आणि ज्येष्ठ हत्तिणीची हुकमत तितकी ठळक दिसत नाही.

उलट दिशेचे उदाहरणही आहे. नराच्या कानशिलातून स्रवणारा मद, त्या काळातील त्याचा उग्रपणा आणि अन्नावरची वासना उडणे हे भारतीय वाङ्मयाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. धम्मपदाच्या नागवग्गात धनपालक हत्तीचा उल्लेख आहे. तीव्र मद स्रवणारा तो हत्ती बांधलेला असता घास घेत नाही. त्याला हत्तींच्या वनाची आठवण येते. आफ्रिकेतील हत्तींनाही खराखुरा मद येतो हे मात्र शास्त्रज्ञांनी १९८१ साली, जॉइस पूल आणि मॉस यांच्या लेखानंतर मान्य केले. तोवर तेथील कानशिलांचा स्राव सर्वांना दिसत होता, फक्त त्याचा अर्थ लागत नव्हता.

काही खुणा तर डोळ्यांना दिसतच नाहीत. १९८४ साली अमेरिकेतील पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात आशियाई हत्तींजवळ उभ्या असलेल्या केटी पेन यांना हवेत धडधड जाणवली, आवाज मात्र ऐकू आला नाही. ध्वनिमुद्रण वेगाने चालवल्यावर कळले की हत्ती माणसाच्या कानाला न ऐकू येणाऱ्या खर्जात बोलत होते. असा स्वर रानातून कित्येक किलोमीटर जातो. दूरदूर पांगलेले हत्ती एकाच वेळी दिशा कशी बदलतात, या जुन्या कोड्याचा पुष्कळसा उलगडा त्यातून झाला.

आणि निजलेला हत्ती? सुत्तात त्याचा उल्लेख शेवटी येतो, आणि तो दिसणे खरोखरच दुर्मीळ. बोत्स्वानातील दोन रानहत्तिणींच्या सोंडेत उपकरण बसवून केलेली नोंद २०१७ साली प्रसिद्ध झाली. त्या दिवसाकाठी सरासरी दोनच तास झोपत आणि तीनचार दिवसांतून एखाद्या वेळीच आडव्या होत. अर्थात हत्तिणी दोनच होत्या. सर्व हत्ती इतकेच झोपतात असे जे हल्ली छापले जाते, ते वाचताना नागवनिकाला स्मरावे.

महाराष्ट्रात हा विषय आता ग्रंथापुरता राहिलेला नाही. २००२ साली कर्नाटकातून हत्ती सिंधुदुर्ग जिल्ह्यात उतरले आणि केळी, नारळ, भात यांची नासाडी सुरू झाली. २०२१ साली छत्तीसगडातून एक कळप गडचिरोलीत आला. अशा गावांत पहाटे बांधावर एक मोठे पाऊल दिसते आणि दुपारपर्यंत त्याचा मोठा कळप झालेला असतो. एकटा नर आणि पिल्ले असलेला कळप यांच्यापासूनचा धोका सारखा नसतो. नर मदात असेल तर कारणाशिवायही अंगावर येऊ शकतो. हत्तीण बहुधा तेव्हा धावून येते, जेव्हा नकळत कोणी तिच्या आणि पिल्लाच्या मध्ये येतो. म्हणून मोठ्या ठशाशेजारी लहान ठसे आहेत काय, साल किती उंचीवर सोलली आहे, फांद्या कोठल्या मोडल्या आहेत, लीद ताजी आहे की वाळलेली, हे आधी पाहावे लागते. पावलाचा घेर मोजावयास एक दोरी पुरते. एवढे करूनही तो नर की मादी हे ठरत नाही. ते दुरून, सुरक्षित अंतरावरून, हत्ती दिसेल तेव्हाच ठरते.