लहान भट्टीवर पात्यास पाणी देणे

मोटारीच्या कमानीचा मोडका पाटा किंवा झिजलेली कानस भंगाराच्या दुकानी थोडक्या पैशांत मिळते. ती लालभडक तापवून राखेत पुरून सावकाश निवू दिली म्हणजे मऊ होते, आणि मग कापून व घासून तिचे पाते घडविता येते. मात्र हे पाते धार धरील की नाही, याचा निर्णय त्यास पाणी देताना होतो. साध्या मऊ लोखंडी पट्टीस हे संस्कार व्यर्थ होत. तिच्यात कर्ब शेकडा पाव भागाहूनही कमी असतो. कमानीच्या पाट्यात तो शेकडा अर्ध्या भागाहून थोडा अधिक, तर चांगल्या कानशीत सुमारे एक भाग किंवा त्याहून अधिक असतो.

पोलाद ७२७ अंश सेल्सिअसच्या वर तापले की लोहाच्या अणूंची मांडणी बदलू लागते व तीत कर्ब विरघळतो. सावकाश निविल्यास तो पुन्हा वेगळा होतो. एकाएकी निविल्यास त्यास बाहेर पडण्यास अवसर मिळत नाही. अशा कोंडलेल्या, ताणलेल्या रचनेस जर्मन धातुशास्त्रज्ञ आडोल्फ मार्टेन्स (१८५०–१९१४) यांच्या नावावरून मार्टेन्साइट म्हणतात. पोलादाचा कठीणपणा तिच्यामुळेच येतो.

उष्णता मोजण्याचे महाग यंत्र नसले तरी अडत नाही. सुमारे ७७० अंशांवर लोहाचे चुंबकत्व नाहीसे होते. म्हणून विटांच्या लहानशा भट्टीत, कोळसा व हातभाता यांच्या साहाय्याने पाते तापवावे आणि मधूनमधून बाहेर काढून त्यास चुंबक लावून पाहावे. चुंबक चिकटेनासे झाल्यावर किंचित अधिक तापवावे, फार नव्हे. अति तापलेल्या पोलादाचे कण मोठे होतात. ते मोडल्यास आतील भाग रवाळ साखरेसारखा दिसतो. तापाचा रंग सावलीत पारखावा. उन्हात तो फसवितो.

पातळ पाते पाण्यात बुडविल्यास बहुधा तडकते. त्याऐवजी कोमट केलेले शेंगदाण्याचे तेल वापरावे. (तेलात बुडविले तरी भाषेत त्यास ‘पाणी देणे’ असेच म्हणतात.) पाते सांडशीत धरून उभे बुडवावे, आडवे टाकल्यास एक बाजू आधी निवून ते वाकते. तेल पेट घेऊ शकते, म्हणून ते धातूच्या भांड्यात ठेवावे व झाकण हाताशी असावे. पेटलेल्या तेलावर पाणी कदापि ओतू नये. नंतर धारेवर चांगली कानस फिरवून पाहावी. ती न चावता घसरली तर पाणी लागले असे समजावे.

या अवस्थेत पाते काचेप्रमाणे ठिसूळ असते. फरशीवर पडले तरी मोडते. तेव्हा विलंब न करता कडकपणा थोडा उतरवावा. स्वयंपाकाच्या विजेच्या भट्टीत सुमारे २०० अंशांवर एकेक तास दोनदा ठेवणे पुरेसे होते. अशी भट्टी नसल्यास पाते घासून चकचकीत करावे व कण्याच्या बाजूने हळूहळू ताप द्यावा. गवती पिवळा रंग सुमारे २२० ते २३० अंशांवर, तपकिरी २५० च्या पुढे, तर निळा ३०० च्या सुमारास येतो. सुरीच्या धारेस गवती पिवळा इष्ट. हा रंग पृष्ठावरील ऑक्साइडच्या पातळ थराचा असून तो वेळेवरही अवलंबून असतो. त्यामुळे भट्टीतील सावकाश ताप अधिक भरवशाचा.

शेवटी सहाणेच्या चाकावर धार लावताना पाते वरचेवर पाण्यात बुडवावे. धारेवर निळी झाक उमटली, तर तेवढ्या भागाचे पाणी उतरले असे समजावे.